आलेखातला खड्डा

खोराटे सर म्हणाले, "दीपा, तो खड्डा काढून टाक."

मी म्हटलं, "न्हाय काढणार."

एवढंच झालं. पण कॉलेजात बोंब अशी उठली की मगदुमाच्या पोरीनं सरांची गचांडी धरली. दुपारपर्यंत कँटीनमधला चहावाला मला विचारत होता, "काय मॅडम, सरांसंगं वाजलं म्हणं?" वाजलं म्हणजे काय, चांगलंच वाजलं. आणि ते कधीतरी वाजणारच होतं.

मी दीपा कल्लाप्पा मगदूम, कबनूरची. घरात माग आहेत. जन्मल्यापासून कानात खटखट, त्यामुळं मला मोठ्यानं बोलायची सवय लागली. लोकांना वाटतं मी भांडतेय. निम्म्या वेळेला मी खरंच भांडत असते. इंजिनिअरिंग झालं, स्थळं यायला लागली आणि मी पीएचडीला नाव घातलं, तेव्हा अप्पांनी कपाळावर हात मारून घेतला. "आणि किती शिकणार गं? पाव्हण्यांना काय सांगू?" मी म्हटलं, पोरगी पाणी तापवायला शिकतेय म्हणून सांगा. ते खोटंही नव्हतं.

माझा विषय ऐकला की समोरचा माणूस जांभई देतो, म्हणून सोपं करून सांगते. ताक घुसळताना आपण रवी एकाच अंगानं फिरवत नाही, दोरी पुढं-मागं ओढतो. का? पुढं-मागं केलं की चांगलं मिसळतं. आता ताकाच्या जागी नळीतलं पाणी घ्या. ते सरळ वाहू द्यायचं नाही, ठरावीक तालात वर-खाली हलवायचं आणि बघायचं, ते किती लवकर मिसळतं, किती लवकर तापतं. बास, एवढाच विषय. यावर लोकांची आयुष्यं गेली आहेत. खोराटे सरांचंही गेलं.

गणपतराव खोराटे, गाव राधानगरीकडचं. धिप्पाड माणूस, आवाज असा की वर्गात माईक लागत नाही. प्रयोगाला पैसे मिळेनात तेव्हा या माणसानं उद्यमनगरातल्या कारखान्यांतनं भंगार गोळा करून यंत्र उभं केलं होतं. माणसाच्या उंचीची काचेची नळी, आत थोड्या थोड्या अंतरावर मधे भोक असलेल्या चकत्या, खाली दट्ट्या. मोटर दट्ट्याला वर-खाली करते, पाणी चकत्यांच्या भोकांतनं वर-खाली होतं आणि दर चकतीपाशी भोवरे उठतात. नळीभोवती दुसरी काचेची नळी, तिच्यात गरम पाणी फिरतं. मधलं पाणी किती लवकर तापलं ते तापमापक सांगतो. मिसळलं का ते बघायला मिठाईवाल्याचा निळा रंग टाकायचा आणि डोळे उघडे ठेवायचे.

या यंत्रावर सरांनी दाखवलं होतं की दट्ट्या जितका जलद, तितकं मधलं पाणी लवकर तापतं. आलेख काढला की रेषा सरळ वर जाते, कुठं थांबत नाही, कुठं वाकत नाही. तो पेपर गाजला. परदेशातली माणसं त्याचा दाखला देतात. आमच्या कॉलेजात त्या रेषेला ‘खोराटे रेषा’च म्हणतात आणि सर ते ऐकून खोटं खोटं रागावतात.

माझी रेषा वाकली. वर जात होती, जात होती आणि एका वेगाला आल्यावर धाडकन खाली आली. वेग अजून वाढवला की परत वर. मधे खड्डा. त्या वेगाला नळीत बघितलं तर दर दोन चकत्यांच्या मधे निळा रंग पेढ्यासारखा गोळा होऊन जागच्या जागी फिरत बसलेला. बाहेरचं पाणी त्याच्यात शिरेना, त्यातलं बाहेर येईना. कडेचं पाणी कढत आणि पेढ्यातलं कोमट. मला तर नाचावंसं वाटलं. अहो, कुणी न बघितलेलं काहीतरी मी बघत होते.

सरांनी कागद हातात घेतला आणि म्हणाले, "तापमापक बदल." बदलला. खड्डा तिथंच. "मोटर बघ, वेग एकसारखा न्हाय." अप्पांनी मागावरच्या मिस्त्रीला पाठवून मोटर नीट करून दिली. खड्डा तिथंच. मग म्हणाले, "चकत्या हलल्या असतील." नळी पूर्ण खोलली, परत बसवली, माझी बोटं सोलली. खड्डा तिथंच!

"हे बघ," सर शेवटी म्हणाले, "खड्डे कोल्हापूरच्या रस्त्यात असतात, माझ्या आलेखात न्हाईत. तुझ्या हातनं कायतरी चुकतंय. मे अखेरीस मी रिटायर होणार, तोवर तुझा प्रबंध जायला पायजे. दोन-चार आकडे तर हायत. तो खड्डा काढून टाक, बाकी समदं झकास हाय."

मग मी ते बोलले, जे वर सांगितलं.

"कुणाचं काय बिघडणार हाय गं त्यानं?" सरांचा आवाज चढला.

"सर, उद्या कुणी याच्यावर दूध तापवायचं यंत्र केलं आणि नेमकं त्याच वेगावर चालवलं तर? कडेचं दूध तापणार, मधलं कोमट ऱ्हाणार. बारकी पोरं पिणार ते दूध."

"मला शिकवू नको."

"शिकवत न्हाय. जे दिसलं ते काढणार न्हाय, एवढंच सांगतोय."

"मग सही न्हाय," सर म्हणाले आणि चष्मा काढून टेबलावर आपटला.

मार्गदर्शकाची सही नसेल तर प्रबंध कुणी हातात घेत नाही. सर रिटायर झाले की मला नवा मार्गदर्शक शोधावा लागणार, आणि खोराटे सरांनी सही नाकारलेल्या पोरीला कोण जवळ करणार? माझी सगळी वर्षं त्या एका सहीवर लटकली होती. आणि त्या सहीची किंमत होती माझा खड्डा.

घरी सांगितलं. आई, म्हणजे आमची आव्वा, भाकरी थापत होती. म्हणाली, "भांडण काढल्याशिवाय तुला अन्न पचत नाही काय? गुरू हाय तो." अप्पा म्हणाले, "सही घे आणि मोकळी हो. नंतर काय लिहायचं ते लिही की. तुला कोण अडवतंय?" मला रडूच आलं. राग आला की मला रडू येतं, ही माझी खोड. लोकांना वाटतं हरली. मी तशीच नाक पुसत म्हटलं, "अप्पा, मागावर कापड फाटकं निघालं तर तुम्ही घडी आत घालून व्यापाऱ्याला देता काय?" अप्पांनी पेपर तोंडासमोर धरला.

आता माझ्या एका सवयीबद्दल सांगायला पाहिजे, कारण सगळं रामायण तिथंच आहे. आमच्या जैनाच्या घरात पाणी गाळल्याशिवाय वापरत नाहीत, आणि आव्वा तर गाळून उकळलेलंच पिते. प्रासुक पाणी. लहानपणापासून हंड्यावर दुपदरी फडकं आणि चुलीवर पातेलं, हे बघतच मी मोठी झाले. प्रयोगशाळेत पहिल्या दिवशी नळी भरायची वेळ आली तेव्हा कुणी काही सांगितलं नव्हतं. माझ्या हातांनी आपोआप फडकं लावून पाणी गाळलं, मोठ्या पातेल्यात उकळलं, झाकून निवत ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी नळीत भरलं. पुढं तेच करत राहिले. प्रयोगशाळेतला कृष्णात, माझ्याबरोबरच पीएचडी करणारा, मला चिडवायचा, "दीपा, तुझं यंत्र चातुर्मास पाळतंय काय गं? त्याला कांदा-लसूण तरी चालतो का विचार." मी त्याच्याकडं दुर्लक्ष करायची. पाणी उकळण्यात विज्ञान आहे असं मलाही वाटत नव्हतं. सवय ती सवय.

महावीर जयंतीला कबनुरात मिरवणूक असते, मी सुट्टी टाकली. सरांनी त्या दिवशी कृष्णातला सांगितलं, "तिचं यंत्र तू चालव. समदे वेग घे. बघू दे मला."

दुसऱ्या दिवशी मी पोचले तर सर दारातच उभे. चेहऱ्यावर काय आनंद! हातातला कागद त्यांनी माझ्यासमोर नाचवला. रेषा सरळ वर. खड्डा नाही.

"बघ! बघ की! कृष्णातनं चालवलं की जातो खड्डा. म्हंजे यंत्र बरोबर, रेषा बरोबर, खोट तुझ्या हातात हाय. मी पयलंच सांगितलं हुतं."

खरं सांगते, त्या क्षणी मला स्वतःची शिसारी आली. एवढी बोंबाबोंब केली, सरांना उलट बोलले, आव्वाची बोलणी खाल्ली आणि चूक माझीच? मी तोंड लपवून प्रयोगशाळेत शिरले आणि मग माझा स्वभाव परत उसळला. कृष्णात डबा खात बसला होता. मी त्याच्यापुढं जाऊन उभी राहिले.

"आकडे शिजवलेस काय रे?"

त्याचा घास हातातच राहिला. "ज्योतिबाची आण! खुळी हायस काय? मी कशाला शिजवू? नळी भरली, मोटर लावली, आकडे लिहिले."

"कशानं भरलीस?"

"कशानं म्हंजे? नळानं. पाईप लावला आन भरली. तुझ्यागत पूजा घालत बसू काय?"

नळानं! मी तशीच उभी राहिले. कृष्णातला वाटलं मी त्याला मारणार, त्यानं डबा बाजूला सरकवला.

मी पाईप लावला आणि नळी नळाच्या पाण्यानं भरली. बाहेरचं गरम पाणी सुरू केलं, मोटर खड्ड्याच्या वेगाला आणली, रंग सोडला. निळा पेढा जमायला लागला. आणि मग काचेला नाक लावून बघितलं तर तापलेल्या भिंतीवर बारीक बारीक बुडबुडे धरलेले. मोहरीएवढेही नाहीत. एकेक सुटायचा, वर जायचा आणि जाता जाता पेढ्याला भोसकून जायचा. बघता बघता पेढा फुटला, रंग सगळीकडं पसरला, आणि मधलं पाणी तापलं.

नळाच्या पाण्यात हवा मुरलेली असते. पाणी तापलं की ती बुडबुडे होऊन बाहेर पडते. माझ्या पाण्यातली हवा आदल्या दिवशीच पातेल्यात उडून गेलेली असायची, म्हणून माझ्या नळीत फक्त पाणी होतं. सरांच्या नळीत पाणी आणि हवा. सर राधानगरीचे, तिथल्या धरणाचं पाणी नदीवाटे शहराच्या नळाला येतं. धरणाच्या पाण्याला गाळायचं-उकळायचं असतं हेच त्यांना मान्य नव्हतं. "आमचं पाणी म्हंजे अमृत," हे त्यांचं नेहमीचं वाक्य. त्या अमृतातल्या हवेनं त्यांचा खड्डा बुजवला होता आणि त्यांना त्याचा पत्ता नव्हता.

मी आणि कृष्णातनं दोन्ही पाण्यांनी परत परत करून बघितलं. तो उकळलेल्या पाण्यानं करायचा, मी नळाच्या. हात कुणाचाही असो, नळाचं पाणी घातलं की सरांची रेषा, उकळलेलं घातलं की माझा खड्डा. कृष्णात शेवटी खुर्चीत बसला आणि म्हणाला, "आयला दीपा, आता सरांना कोण सांगणार?"

"मी सांगणार. दुसरं कोण?"

सर हुशार माणूस. मी अर्ध्यापर्यंत पोचले तोवर त्यांना कळलं होतं. आरडाओरडा करतील म्हणून मी कंबर कसून गेले होते, पण ते आरडलेच नाहीत. खिडकीशी जाऊन उभे राहिले. खाली फाटकावर पोरांनी सरांच्या निवृत्तीच्या सत्काराचा फ्लेक्स लावला होता. डोक्याला फेटा, डोळ्याला गॉगल, मागं कुठल्या तरी धबधब्याचं चित्र, आणि त्यावरनं सरळ वर गेलेली लाल रेषा. खाली मोठ्या अक्षरात ‘नाद करायचा नाय, खोराटे सरांचा’. सर बराच वेळ ते बघत राहिले. मला त्यांची दया आली आणि दया आली म्हणून स्वतःचाच राग आला.

"सत्काराला तू यंत्र चालवून दाखवणार हायस," सर माझ्याकडं न बघता म्हणाले. "पाव्हणं येणार, माझे जुने विद्यार्थी येणार. त्या दिवशी नळाचं पाणी घाल. तेवढा एक दिवस. मग मी सही करतो आणि तू आयुष्यभर खड्डे खणत बस."

किती साधं मागणं होतं. दुसऱ्या कुणाला मी हसत हो म्हटलं असतं. पण नळाचं पाणी घालून, त्यात काय होतंय ते माहीत असताना, लोकांपुढं तोंड वर करून ‘ही बघा खोराटे रेषा’ म्हणायचं? माझ्यानं ते होणारं नव्हतं.

"सर, दोन्ही पाणी दाखवणार. नायतर यंत्राला हात लावणार न्हाय."

"माझ्या सत्कारात?"

"सांगून करतोय सर. पाठीमागनं करत न्हाय."

"चालती हो," सर म्हणाले. मी चालती झाले.

सत्काराच्या दिवशी मला कुणी बोलावलं नव्हतं. मी गेले. आव्वानं आदल्या दिवशी विचारलं, "अपमान झाला तर?" मी म्हटलं, "झाला तर झाला. अपमानानं अंगाला भोकं पडत नाहीत." आव्वा आत गेली आणि तिची मोतिया रंगाची चांगली साडी माझ्यासमोर ठेवली. अप्पा मोटारसायकल पुसत होते. म्हणाले, "एसटीनं कुठं जातीस साडी नेसून? मी सोडतो."

प्रयोगशाळेत पाय ठेवायला जागा नव्हती. सरांच्या डोक्याला केशरी फेटा, गळ्यात हार, तोंड उन्हानं आणि कशाकशानं लाल. मला बघितलं आणि नजर वळवली. मग ते स्वतः पुढं झाले, बाह्या सारल्या, पाईप लावला आणि आपल्या हातांनी नळी नळाच्या पाण्यानं भरली. मोटर लावली. वेग वाढवत नेला, रंग सोडला. निळा रंग वर-खाली होत सगळीकडं पसरला, भिंतीवर लावलेल्या पडद्यावर तापमानाची रेषा सरळ वर चढली. टाळ्या पडल्या. मागनं कुणीतरी शिट्टीही मारली. प्राचार्य म्हणाले, "चला, आता चहा."

मी पुढं झाले. आवाज मागावरचा, तो कुठं जातोय?

"चहा होऊ दे. तोवर मी पाणी बदलतो. दुसऱ्या पाण्यानं बघून मग जावा."

प्राचार्य म्हणाले, "मॅडम, कार्यक्रमपत्रिकेत नाही हे."

"व्हय, न्हाय खरं."

"मग?"

"मग काय, बघा की."

लोकांनी सरांकडं बघितलं. सरांनी एका शब्दानं मला हाकललं असतं तर दोन पोरांनी मला दंडाला धरून बाहेर काढलं असतं. सर फेट्याखालनं माझ्याकडं बघत होते. त्यांचा जबडा हलत होता. मग ते बाजूच्या स्टुलावर जाऊन बसले आणि म्हणाले, "घाल."

कृष्णातनं नळी रिकामी केली आणि आदल्या दिवशी उकळून ठेवलेलं पातेल्यातलं पाणी भरायला मला हात दिला. ज्यानं मला दोन वर्षं छळलं त्यानंच भर सभेत पातेलं उचललं. लोक चहाबरोबरचं भडंग खात खात कुजबुजत होते. गरम पाणी सुरू झालं, मी वेग वाढवत नेला. रेषा चढली, चढली. मग मी त्या वेगाला आले आणि रंग सोडला. दर दोन चकत्यांच्या मधे निळा पेढा जमला आणि फिरत राहिला. पडद्यावरची रेषा खाली आली. मी बराच वेळ तशीच मोटर चालू ठेवली. पेढा फुटला नाही. भडंगाचा आवाज बंद झाला.

सरांचा एक जुना विद्यार्थी होता, सयाजी, आता पुण्यात मोठ्या कंपनीत आहे. तो पुढं येऊन काचेला डोळे लावून उभा राहिला. "हे काय आहे? मघाशी तर..."

"मघाशी नळाचं पाणी होतं," मी म्हटलं. "त्यातली हवा पेढा फोडते. हे उकळलेलं आहे, ह्यात हवा नाही."

"म्हणजे सरांची रेषा..." तो थांबला. सगळे सरांकडं बघायला लागले.

"म्हंजे चुकीची," सर स्टुलावरनं म्हणाले. आवाज बारीक होता. "माझी रेषा हवेची हाय. पाण्याची न्हाय." आणि उठून, हार तसाच गळ्यात, आपल्या खोलीत गेले.

पुढचा कार्यक्रम कसा झाला मला माहीत नाही. भाषणं झाली, पण माणसं सरांच्या रिकाम्या खुर्चीकडं बघत होती आणि मग माझ्याकडं. प्राचार्य माझ्या जवळनं जाताना म्हणाले, "समाधान झालं?" झालं नव्हतं. पण तेच परत करायला लागलं असतं तर मी परत केलं असतं, आणि हे मी त्यांना तोंडावर सांगितलं.

माणसं पांगल्यावर मी सरांच्या खोलीत गेले. फेटा टेबलावर, सर खुर्चीत. समोर माझा प्रबंध आणि खड्ड्यावर लिहिलेला माझा पेपर. पेपरावर दोन नावं होती, पहिलं माझं, दुसरं सरांचं. सगळेच असं करतात, मीही केलं होतं.

"बस," सर म्हणाले. "प्रबंधावर सही करतो. खड्डा ऱ्हाऊ दे, खरा हाय तो. पण ह्या पेपरातनं माझं नाव काढ."

"का?"

"का म्हंजे? ह्यात लिवलंय की खोराट्यांचं चुकलं. त्याच कागदावर खोराट्यांचं नाव? लोक हसतील, दीपा. म्हणतील, म्हातारा भर चौकात उभा ऱ्हाऊन स्वतःच्या थोबाडीत मारून घेतोय. लई झालं आजचं. नाव काढ, मी सही करतो, तू तुझ्या वाटेनं, मी माझ्या."

एवढा मोठा माणूस, आणि त्याचे डोळे भरले होते. माझेही भरले. हो म्हटलं असतं तर सगळं तिथंच मिटलं असतं.

"न्हाय काढणार," मी म्हटलं.

"दीपा!"

"खड्डा काढ म्हटलासा, काढला न्हाय. आता नाव काढ म्हणतासा, तेबी काढणार न्हाय. नळी तुमची, दट्ट्या तुमचा, भंगारातनं तुम्ही उभं केलंसा ते. मी नुसतं पाणी बदललं. चूक तुमच्या नावावर ऱ्हाणारच हाय सर, ती कुणी पुसू शकत न्हाय. मग दुरुस्ती कुणा परक्याच्या नावावर का? तीबी तुमच्याच नावावर ऱ्हाणार. मी तुम्हाला पळून जाऊ देणार न्हाय."

"मग सही न्हाय करत, जा!"

"नका करू."

सरांनी पेन उचललं आणि पेपरावरचं आपलं नाव खोडलं. मी त्यांच्या हातातनं पेन घेतलं आणि खोडलेल्या नावाच्या वर परत लिहिलं, गणपतराव खोराटे. त्यांनी पेन ओढून घेऊन ते खोडलं. मी परत लिहिलं, या वेळी मोठ्या अक्षरात. कागदाची पार दशा झाली होती. मला लहान पोरासारखं रडू येत होतं आणि तरी मी पेन घट्ट धरून ठेवलं होतं.

सरांनी ते माझ्या मुठीतनं हिसकावलं. मला वाटलं, परत खोडणार. त्यांनी त्या मोठ्या अक्षरातल्या नावाखालीच सही केली, कागद फाटेल इतक्या जोरानं. मग प्रबंध ओढला आणि त्यावरही केली.

"नीघ आता," म्हणाले. पुढं महिनाभर ते माझ्याशी बोलले नाहीत.